दगडाची पडती बाजू

माझ्या साडूंच्या घरामागे एक दगड उभा आहे. आम्ही राहतो त्या कनाट्यापासून गाडीनं अर्धा तास, गावाबाहेर त्यांचं घर, मागे दोन एकर रान, आणि रानाच्या मधोमध हा दगड. करड्या ग्रॅनाइटचा, एका अंगानं गुलाबी, माझ्या खांद्याला लागेल इतका उंच. जमिनीत आहे तो भाग वेगळा. आम्ही तो यंत्र न वापरता उभा केला. लाकडी दांडे, दोर आणि ओंडके, बस्स. ऐकणारे कौतुक करतात, फोटो मागतात. मीही त्यांना तेवढीच हकीकत सांगतो. उरलेली इथे लिहितो आहे, कारण ती सांगितल्याशिवाय मला त्या दगडाकडे सरळ पाहता येत नाही.

साडू माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे. माझी बायको त्यांच्या बायकोची धाकटी बहीण. ती त्यांना भाऊजी म्हणते, म्हणून मीही भाऊजीच म्हणतो. या देशात आमचं हक्काचं असं हे एकच घर. सणवार तिकडे, आजारपणात डबा तिकडून, बेसमेंटमध्ये पाणी शिरलं तर पहिला फोन तिकडे. त्यांचा मुलगा गाडीनं चार-पाच तासांवर मार्कहॅमला असतो आणि आईवडिलांना तिकडे बोलावत असतो. ताई मार्कहॅमला गेली तर आपण इथे कोणाकडे जायचं, असं माझी बायको अधूनमधून म्हणते. म्हणून झालं की ती पुसलेला ओटा पुन्हा पुसते.

आम्ही दोघंही नागपूरचे. कॉलेजात असताना वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या मित्रांबरोबर, पण एकाच जागी सायकलनं गेलेलो: काटोल रोडच्या पुढच्या माळावर, जिथे मोठमोठ्या धोंड्यांची वर्तुळं आहेत. तेव्हा मला ती गुराख्यांनी मांडलेली बसायची जागा वाटली होती. मधल्या एका धोंड्यावर बसून मी डबाही खाल्ला होता. ती दफनाची जागा आहे, लोखंड गाळणाऱ्या आणि घोडे बाळगणाऱ्या माणसांनी आपले मेलेले लोक त्या वर्तुळांत पुरले, हे कळलं ते फार उशिरा, इथे येऊन, एका लांबलचक हिवाळ्यात वाचत बसलो तेव्हा. मग तो नादच लागला. उभ्या शिळा कशा उभ्या केल्या, दगड कसा ओढला, उतार कसा खणला, हे मी कोणालाही सांगत सुटायचो.

भाऊजींना ते पटायचं नाही. शरद ऋतूतल्या एका रविवारी त्यांच्या घरामागच्या लाकडी डेकवर पोहे खाताना त्यांनी फोनवर आलेला एक व्हिडिओ मला दाखवला. त्यात म्हणे, असले दगड माणसाला हलवणं शक्यच नाही, काहीतरी विद्या होती ती लोप पावली.

"हे माणसाचं काम नाही बे," ते म्हणाले. "तू कितीही पुस्तकं वाच."

"तरफ आहे, दोर आहे, वेळ आहे. अजून काय लागतं, भाऊजी?"

"माणसं लागतात. त्यांच्याकडे अख्खं गाव होतं. आपण चार. त्यातल्या दोघी पोहे करून राहिल्या."

"दोघी पोहे करतात म्हणून तुम्ही दोघं बोलू शकता," आतून ताई म्हणाली.

त्यांनी बशी ठेवली आणि बोटानं रानाकडे दाखवलं. तिथे गवतात एक लांबट दगड आडवा पडला होता. हिमनद्यांनी कधीकाळी आणून टाकलेले असे दगड या भागात जागोजाग आहेत. "तो उभा करून दाखव. मग मी व्हिडिओ डिलीट करतो."

शनिवारमागून शनिवार आम्ही त्या दगडाशी झोंबलो. नियम एकच, लोखंडी कप्पी किंवा गाडीचा हुक लावायचा नाही. रीत अशी: दगडाच्या कडेखाली लांब दांडा घालायचा, दांड्याखाली एक छोटा दगड टेकू म्हणून ठेवायचा आणि दुसऱ्या टोकावर अंग टाकायचं. दगड बोटभर उचलला जातो. तेवढ्यात दुसऱ्यानं त्या फटीत ओंडका सारायचा. मग दुसरी बाजू. असं करत दगड ओंडक्यांवर चढतो, आणि मग खाली अंथरलेल्या बांबूएवढ्या जाड फांद्यांवरून त्याला दांड्यांनी ढोसत ढोसत पुढे न्यायचं. होडी वल्हवावी तसं.

जो ओंडका सारतो त्याचे हात क्षणभर दगडाखाली असतात. आम्ही आलटून पालटून करायचो. हात घालायची पाळी माझी असली की मी आधी दांड्यावरच्या भाऊजींच्या चेहऱ्याकडे पाहायचो.

"माझ्याकडे काय पाहतो? ओंडक्याकडे पाहा," ते म्हणायचे.

त्यांची पाळी असताना त्यांनी माझ्याकडे कधी पाहिल्याचं मला आठवत नाही.

खड्डा मी आखला होता. एक बाजू उतरती, समोरची सरळ उभी. उतारावरून दगडाचं बूड घसरत खड्ड्यात जातं आणि सरळ भिंतीला अडतं, मग वरचं टोक दोरानं ओढून उभं करायचं. नोव्हेंबरच्या शेवटी एका दुपारी दगड खड्ड्यात उतरला. दोन खांबांची कैची उभी करून तिच्यावरून दोर घेतला, आणि चौघांनी मिळून ओढला. माझ्या बायकोनं ऑफिसला जाताना घालायचे हातमोजे घातले होते, ते फाटले. दगड उभा राहिला तेव्हा कोणी ओरडलं नाही. ताई म्हणाली, "अगं बाई, खरंच की." आणि भाऊजींनी खिशातून फोन काढून माझ्यासमोर तो व्हिडिओ पुसला.

आता खड्डा भरायचा होता. जुन्या लोकांची पद्धत अशी की बुडाभोवती चिपा ठासायच्या, म्हणजे मुठीएवढे चपटे दगड, एकमेकांत पाचरीसारखे बसवत. भाऊजी हातगाडी घेऊन ओढ्याकाठी चिपा गोळा करायला गेले. दिवस मावळत आला होता, स्नोचा इशारा होता, आणि चिपा तिथल्या बर्फात चिकटून बसल्यामुळे त्यांना वेळ लागत होता. मी खणलेल्या मातीच्या ढिगाकडे पाहिलं. माती गोठली होती. ढेकळं इतकी टणक की पहार आपटली तर ठिणगी उडेल. मी ती फावड्यानं खड्ड्यात लोटली आणि ठोकून ठोकून बसवली.

भाऊजी आले तेव्हा खड्डा भरलेला होता. "भरला पण?" त्यांनी पायानं दाबून पाहिलं.

"दगडासारखा घट्ट बसलाय. चिपा वरून पसरू."

त्यांनी चिपा वरून पसरल्या.

हिवाळाभर दगड ताठ उभा होता. पाडव्याला आम्ही त्यांच्याकडे गुढी उभारायला गेलो तेव्हा स्नो वितळून चिखल झाला होता, आणि दगड घराच्या बाजूला कलला होता. फार नाही. पण मी त्याला महिनोन् महिने न्याहाळलेलं, मला पहिल्या नजरेत कळलं.

"थंडीनं आखडला असेल," भाऊजी म्हणाले आणि गुढीला लावायची कडुलिंबाची पानं शोधू लागले. इथे ती मिळत नाहीत, ते दर वर्षी फ्रीझरमधलं एकच जुनं पाकीट काढतात. मला ते घाईघाईनं विषय बदलताहेत असं वाटलं.

माझं काम सांगायला हवं, म्हणजे माझी सवय कळेल. मी एका टेलिकॉम कंपनीत नेटवर्कमधले बिघाड शोधतो. माझ्या कामात प्रत्येक भाग दोषी असतो, जोवर तो निर्दोष आहे असं सिद्ध होत नाही. ऑफिसात याला शिस्त म्हणतात. घरी हीच सवय माणसांना लावली की तिला काय म्हणतात, हे मला माझ्या बायकोनं अनेकदा सांगितलं आहे.

तर मी जोडत गेलो. मार्चमध्ये एकदा आम्ही अचानक गेलो होतो, तेव्हा मागच्या रानात एक माणूस टेप घेऊन मोजमाप करत होता. "कोण हो?" मी विचारलं, तर भाऊजी म्हणाले, "असाच." मुलगा मार्कहॅमला बोलावतो आहे. ताई हल्ली फोन लवकर ठेवते. म्हणजे घर विकायचं ठरलं आहे आणि आम्हाला सांगितलेलं नाही. घेणाऱ्याला रानाच्या मधोमध उभा दगड कशाला हवा? तो आपोआप पडला तर बरं. आणि मग असंही वाटलं, की शेवटी आपलंच खरं, असले दगड माणसानं उभे केलेले टिकत नाहीत, हेही त्यांना म्हणता येईल.

पुढच्या आठवड्यात मी एक कॅमेरा आणला. हरणं टिपायला शिकारी झाडावर बांधतात तसला, काही हललं की फोटो काढून फोनवर पाठवतो. भाऊजी आणि ताई देवळात जातात त्या वेळी मी मागच्या वाटेनं त्यांच्या रानात शिरलो आणि काठावरच्या मेपलला तो बांधला, दगडाकडे तोंड करून. दुसऱ्याच्या जमिनीत. हे करताना मला लाजही वाटली नाही, हे मी मुद्दाम लिहितो आहे.

आधी फोटो आले ते खारींचे, मग एका जंगली टर्कीचे. मग एका सकाळी मी मीटिंगमध्ये असताना तीन फोटो आले. पहिल्यात भाऊजी दगडाच्या पलीकडे, घराच्या बाजूला. दगडानं त्यांचं अंग झाकलेलं, दिसतं ते डोकं आणि दगडाच्या वरच्या कडेला घट्ट धरलेली बोटं. दुसऱ्यात तसंच, डोकं खाली गेलेलं. तिसऱ्यात ते हातात दांडा घेऊन घराकडे चाललेले.

दगड घराच्या बाजूला कलला होता, आणि ते त्याला त्याच बाजूला ओढत होते. मला दुसरं काही दिसलंच नाही. मीटिंगमध्ये कोणीतरी माझं मत विचारलं, मी काय म्हणालो ते आठवत नाही.

संध्याकाळी बायकोला फोटो दाखवले. तिनं ते नीट पाहिलेही नाहीत.

"हा कॅमेरा कुठे लावलायस तू?"

"ते सोड. हे बघ, ते काय करताहेत."

"कुठे लावलायस?"

मी सांगितलं. तिनं फोन माझ्या हातात परत दिला. "उद्या ताईला कळलं तर मी तिला काय सांगू? माझा नवरा तुझ्या झाडावर चढून बसलाय?"

"झाडावर नाही, खोडाला बांधलाय."

मला तेव्हाही वाटत होतं की मुद्दा भाऊजींचा आहे आणि ती उगाच माझ्यावर घसरते आहे.

मी भाऊजींना फोन लावला. सरळ विचारायचं सोडून मी ऑफिसात लावतो तसा सापळा लावला. आधी हवापाण्याचं बोललो, मग विचारलं, "रानात गेला होतात का इतक्यात? दगड कसा आहे?"

"नाही रे, किती चिखल आहे," ते म्हणाले. "गेलोच नाही तिकडे."

हेच मला हवं होतं. "गेला होतात. मी पाहिलंय. कॅमेऱ्यात दिसलात तुम्ही, दगड ओढताना."

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता, तो बंद झाला.

"कोणता कॅमेरा?"

मी सांगितलं.

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांनी मला शिवी दिली असती तर मला झोप लागली असती.

दुसऱ्या दिवशी शेवटचा फोटो आला. जवळून घेतलेला भाऊजींचा तळवा, आणि मागे ग्रोसरीच्या पिशवीचा पिवळा तुकडा. त्यानंतर काही नाही.

त्या वसंतात आमच्या घरी फोन वाजायचा थांबला. ताईनं बायकोला एकदाच फोन केला, मी दुसऱ्या खोलीत होतो, तरी मला ऐकू आलं, कारण बायको नुसतं "हो ताई, हो" म्हणत होती. नंतर ती मला म्हणाली, "मार्कहॅमला जायचं की नाही, असं त्यांचं इतके दिवस चाललं होतं. आता ताई म्हणते, इथे तरी कोण आहे आपलं?" आणि ओटा पुसायला गेली.

मी गेलो तो कॅमेरा काढायला. पुन्हा मागच्या वाटेनं, पुन्हा देवळाच्या वेळी. सुधारलो होतो म्हणून गेलो असं म्हणणं खोटं ठरेल. झाडावर माझा पुरावा लटकलेला होता आणि मला तो तिथे नको होता, एवढंच. कॅमेऱ्यावर पिवळी पिशवी बांधलेली होती, खालून नीट गाठ मारून, पावसात भिजू नये म्हणून बांधावी तशी. चेष्टा असेल की काळजी, ते मला ठरवता येईना.

मग मी दगडाकडे गेलो. या बाजूनं नाही, वळसा घालून घराच्या बाजूनं. त्या अंगाला सीडरच्या झाडाचा एक बेचकीचा बुंधा दगडाच्या पोटाला टेकवून उभा केला होता. बुंध्याच्या पायाशी चपटा दगड, त्याच्या मागे मेखा ठोकलेल्या. टेकू होता तो. झाडावरून दिसणं शक्य नव्हतं, दगड मध्ये होता.

बोटं वरच्या कडेला, डोकं खाली. ते ओढत नव्हते. कललेल्या दगडाखाली खांदा लावून तो वर रेटत होते, आणि पायानं टेकू आत सरकवत होते. ढकलणं आणि ओढणं फोटोत सारखंच दिसतं. पण मला फोटोची गरज नव्हती. जो माणूस दगड पाडायला निघाला आहे तो दगड पडतो त्या बाजूला उभा राहत नाही, तो दोर बांधून बाजूला होतो. हे मी किती जणांना शिकवलं होतं. भाऊजी पडत्या बाजूला उभे होते. एकटे. निसटला असता तर कोणाला कळलंही नसतं, माझ्या कॅमेऱ्याशिवाय.

खड्ड्याच्या तोंडाशी मी पायानं दाबलं. घोट्यापर्यंत पाय आत गेला. नोव्हेंबरात पहारीला दाद न देणारी माती लापशी झाली होती. दगडासारखी घट्ट वाटली तेव्हा तिला धरून ठेवणारा बर्फ होता, आणि तो गेला. नागपूरच्या काळ्या मातीच्या उन्हाळ्यातल्या भेगा मला माहीत होत्या, पावसाळ्यातलं फुगणं माहीत होतं. इतकी वर्षं दर हिवाळ्यात गाडीला बर्फाचे टायर लावूनही जमीन गोठते म्हणजे काय होतं ते माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

"डोळा न्यायला आला का तुझा?"

भाऊजी मागे उभे होते. रबरी बूट, हातात पहार. त्या दिवशी ते देवळात गेलेच नव्हते.

"हो," मी म्हणालो.

"घेऊन जा. हरणं आली काही?"

"नाही. टर्की आली एक."

"मला पण दिसली."

मग मी विचारलं, जे विचारायचा मला हक्क उरला नव्हता. "गेलो नाही असं का म्हणालात?"

त्यांनी पहार चिखलात रोवली. "ढेकळं तू भरली होती ना बे. तुला सांगितलं असतं तर तू तेच घेऊन बसला असता महिनाभर. झोपत नाही, जेवत नाही, तुझी बायको तिच्या ताईला सांगत असते सगळं. म्हटलं, चुपचाप टेकू देतो, माती वाळली की चिपा भरतो, आणि तुला सांगतो थंडीनं आखडला होता, झाला सरळ."

"आणि तो टेपवाला?"

"सेप्टिक टँकचा माणूस. तू पोहे खाऊन राहिला होता, तुझ्यासमोर काय सांगू?"

मी माफी मागितली. ती कशी मागितली ते लिहिण्यासारखं नाही, फार लांबली, त्यात मी माझ्या नोकरीबद्दलही बोललो. त्यांनी मध्येच थांबवलं. "राग आला मला. अजून आहे. शनिवारी ये, आणि तिला घेऊन ये. दोर धरायला माणसं लागतात."

शनिवारी ताई माझ्याशी बोलली नाही, पण दोर धरायला आली. दोघी बहिणी पलीकडच्या अंगाला दोर घेऊन उभ्या राहिल्या. आम्ही आधी सगळा गाळ उपसला. मग भाऊजींनी एक लांब दांडा दगडाच्या पोटाला लावला आणि त्यावर सगळं अंग टाकलं. दगड सावकाश वर आला. त्याच्या आणि खड्ड्याच्या भिंतीच्या मध्ये, पडत्या बाजूला, हात जाईल एवढी फट पडली. त्या फटीत तळापासून चिपा बसवायच्या होत्या. दांडा निसटला तर दगड परत त्याच फटीत येणार होता.

"चिपा मी घालू, की मी दांड्यावर..." मी काहीतरी बोलत होतो.

"तूच घालणार. ढेकळं कोणी भरली?" ते दांड्यावरून म्हणाले. "भीती वाटत असेल तर कॅमेरा लाव."

ताई पलीकडे हसली, आणि मग हसल्याबद्दल तिला रागही आला असावा, कारण ती लगेच म्हणाली, "लवकर करा, हात दुखतायत."

जुन्या माणसांबद्दल मी वाचलेल्या पुस्तकांत दोर आहेत, उतार आहेत, दगडाचं वजन आहे. फटीत हात कोणी घातला आणि दांड्यावर कोण होतं, त्या दोघांचं आदल्या दिवशी भांडण झालं होतं का, हे कुठेच नाही.

मी गुडघ्यांवर बसलो आणि पहिली चीप घेऊन उजवा हात कोपरापर्यंत आत घातला. आत थंडगार होतं. दगडाचं अंग माझ्या मनगटाला लागत होतं आणि ते किंचित थरथरत होतं. आणि मी वर पाहिलं. लपवत नाही, त्या क्षणीही पाहिलं, त्यांचा चेहरा वाचायला.

ते म्हणतील, माझ्याकडे काय पाहतो, म्हणून मी वाट पाहिली. ते माझ्याकडे पाहतच नव्हते. त्यांचे डोळे दगडाच्या वरच्या टोकावर होते, ओठ आवळलेले, गळ्याची शीर दोरासारखी ताठ.

मी खाली पाहिलं, चीप नीट बसवली आणि दुसरी घेतली. ती एका हातानं बसेना, म्हणून दुसराही हात आत घातला.